पूल कुणासाठी उघडतो

हूड कनालच्या पुलावर गाडी चढली की मी खिडकीची काच खाली करते. थंडी असो, पाऊस असो, ही सवय सुटलेली नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर चाकं मुकाट धावत असतात. पुलाच्या मध्यावर काँक्रीट संपतं, पोलादी जाळी सुरू होते आणि चाकांखालून एक भरीव, सलग सूर उमटतो. वेग वाढला तर तो चढतो, कमी झाला तर खर्जात उतरतो. मोटारसायकलवाले इथे सावध होतात, कारण ओल्या जाळीवर चाक डुगडुगतं. क्षणभरात जाळी संपते आणि पुन्हा काँक्रीट लागतं. पण तेवढ्यात आपण जमिनीवर नाही, पाण्यावर आहोत, हे अंगाला कळलेलं असतं.

अमेरिकेतल्या सिएटलहून ऑलिंपिक द्वीपकल्पाकडे निघालं की आधी फेरीबोटीने एक खाडी ओलांडायची, मग किटसॅप द्वीपकल्पाच्या झाडीतून थोडा प्रवास करायचा आणि मग हूड कनाल या दुसऱ्या खाडीवरचा हा पूल. झाडी एकदम बाजूला होते, रस्ता उतरत पाण्यापर्यंत जातो आणि समोर ऑलिंपिकच्या बर्फाळ रांगा उभ्या राहतात. पूल सुमारे २.४ किलोमीटर लांब आहे आणि त्यातला जवळपास २ किलोमीटरचा भाग पाण्यावर अक्षरशः तरंगतो. भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यावर एवढा लांब तरंगता पूल जगात दुसरीकडे नाही. येण्याजाण्याच्या दोनच मार्गिका आहेत आणि पाणी इतकं जवळ की कठड्यापलीकडे हात घातला तर भिजेल असं वाटतं.

मला सगळ्यांत जास्त बघावंसं वाटतं ते इथलं दोन बाजूंचं पाणी. दक्षिणेचा वारा सुटला की त्या अंगाला लाटा उठतात, तरंगत्या काँक्रीटवर आपटतात आणि त्यांचे तुषार रस्त्यावर येतात. उत्तरेच्या अंगाला मात्र पाणी निवांत असतं, डोंगरांची प्रतिबिंबं दिसावीत इतकं. मधे फक्त आपला रस्ता. एकाच खाडीचं एकाच क्षणीचं पाणी, आणि पुलाने त्याचे दोन स्वभाव केलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुसता आनंद झाला होता. हा पूल पाण्यावर नुसता बसलेला नाही, तो पाण्याला अडवतोही, हे पुढे कळलं. त्याकडे येतेच.

पूल तरंगता का, असं पाहुणे हमखास विचारतात. ही खाडी हिमनद्यांनी कोरलेली आहे, शंभरेक किलोमीटर लांब. पुलाच्या जागी तिची खोली काही ठिकाणी शंभर मीटरच्या पुढे जाते. एवढ्या खोल पाण्यात खांब रोवणं फार अवघड. मग खांबांऐवजी काँक्रीटचे पोकळ तराफे पाण्यावर सोडायचे, आतून त्यांचे पाणबंद कप्पे करायचे, पोलादी दोरखंडांनी त्यांना तळावरच्या अवजड नांगरांशी बांधायचं आणि वर रस्ता घालायचा. ही कल्पना या भागातलीच. होमर हॅडली नावाच्या इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात काँक्रीटच्या जहाजांवर काम केलं होतं. काँक्रीट तरंगू शकतं तर त्याच्यावरून रस्ता का जाऊ नये, असं त्याच्या मनात आलं. सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनचा तळही खोल आणि गाळाचा. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण १९४० साली त्या तळ्यावर काँक्रीटचा तरंगता पूल झाला. हूड कनालचा पूल १२ ऑगस्ट १९६१ रोजी सुरू झाला.

तळ्यात आणि खाडीत एक मोठा फरक आहे. तळ्याचं पाणी जागच्या जागी असतं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा खाली जातं आणि इथे तो फरक पाच मीटरपर्यंत होतो. म्हणून पुलाच्या दोन्ही टोकांना, जमीन आणि तराफा यांच्यामधे, बिजागरीवर हलणारे पोलादी सांगाडे आहेत. भरतीला रस्ता जवळपास सपाट असतो, ओहोटीला तोच रस्ता उतरणीचा होतो. सकाळी ज्या पुलावरून गेलो त्याच पुलावरून संध्याकाळी परतताना चढ वेगळा लागतो. घड्याळ न बघता, नुसत्या उतारावरून पाण्याची वेळ सांगणारी माणसं या भागात आहेत.

माझी आई त्यांच्यातली निघाली. माझ्या बाळंतपणाला ती इकडे आली होती. बाळ थोडं मोठं झाल्यावर आम्ही तिला डोंगर दाखवायला घेऊन निघालो. पुलाशी पोहोचलो तर समोर लाल दिवे लागलेले, आडवा दांडा पडलेला आणि गाड्यांची रांग लागलेली. इथले मराठी लोक याला ‘पूल लागला’ म्हणतात. गावाकडे रेल्वेचं फाटक लागतं, तसा इथे पूल लागतो. अर्धा-पाऊण तास तरी गेला म्हणून समजायचं. लोक इंजिन बंद करतात, गाडीतून उतरतात, कुत्र्यांना पाय मोकळे करायला नेतात, थर्मासमधली कॉफी ओततात.

आई काठाकडे बघत होती. म्हणाली, “सुकती लागलीये गं.”

“तुला कसं कळलं?”

“तो दगड बघ ना. ओला पट्टा रुंद होत चाललाय.”

कोकणातल्या दाभोळ खाडीच्या काठावर वाढलेली बाई ती, ओहोटीला सुकती म्हणणारी. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, थंड पाण्याच्या अनोळखी खाडीशीही तिचं बोलणं चालू झालं होतं. मग तिने विचारलं, “हे सगळे थांबलेत कशाला?”

“बोट यायचीय, आई. पूल उघडणार.”

“मग येऊ दे की. पाणी आधी तिचं.”

पूल उघडताना पाहणं हा वेगळाच सोहळा आहे. इथे रस्ता हात वर करून उभा राहत नाही, जसा आपण चित्रांत पाहतो. मधल्या भागाच्या अलीकडचे आणि पलीकडचे रस्त्याचे तुकडे सरळच्या सरळ वर उचलले जातात आणि मधला तरंगता भाग, कपाटाचा खण आत सरकावा तसा, त्यांच्या खालच्या मोकळ्या जागेत मागे सरकतो. दोन्हीकडून मिळून ६०० फुटांपर्यंत वाट मोकळी होते. सगळं इतकं सावकाश चालतं की आधी काही हलतंय असंच वाटत नाही. मग लक्षात येतं की मघाशी जिथे रस्ता होता तिथे आता पाणी चमकतंय. मधोमध दार उघडून पूल दोन्ही काठांना आपापली जागा परत देतो, तेवढ्या वेळापुरतं.

लहान होड्या टोकांकडच्या उंच भागाखालून निघून जातात. डोलकाठी उंच असलेली शिडाची नौका आली की पुलाला उघडावं लागतं. त्यासाठी तासभर आधी कळवायचं. जलमार्ग पुलाच्या आधीपासून आहे, म्हणून जाणाऱ्या जहाजाला वाट देणं हे पुलाचं काम, असा या देशातला जुना कायदा आहे. एका नौकेतले दोघे-तिघे शांतपणे पलीकडे जातात आणि त्यांच्यासाठी शेकडो गाड्या थांबून राहतात. घाईच्या दिवशी जीव चडफडतो, नाही असं नाही. तरी त्या नियमात काहीतरी मोठं आहे असं मला वाटतं. संख्या कुणाची जास्त, पैसा कुणाचा जास्त, हे तिथे कुणी विचारत नाही.

कधी मात्र वेगळंच काही येतं. पुलाच्या दक्षिणेला बँगर इथे अमेरिकन नौदलाचा पाणबुड्यांचा तळ आहे. ट्रायडंट क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या याच पुलातून समुद्राकडे जातात. त्यांची वेळ आधी जाहीर होत नाही. आजूबाजूला रक्षक नौका आणि मधे पाण्याबाहेर जेमतेम दिसणारी काळी पाठ. रांगेतली माणसं त्या वेळी फारसं बोलत नाहीत. मुलं बोट दाखवतात, मोठी माणसं फोन वर धरतात. ती पाठ निघून गेल्यावरही पाणी बराच वेळ दुभंगलेलं दिसतं.

आईने त्या दिवशी रांगेत बसून तिच्या लहानपणीच्या तरीच्या गोष्टी सांगितल्या. दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जायचं तर होडी हाच जवळचा मार्ग. रस्त्याने जायचं म्हणजे खाडीला मोठा वळसा. होडीवाला पाण्याचा कल पाहून होडी काढायचा. त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नसे. बाजाराच्या टोपल्या, शाळेची मुलं, माहेरवाशिणी, एखादी बकरी, सगळे धक्क्यावर बसून राहायचे. त्या बसण्यात लग्नं जमायची, भांडणं मिटायची, कुणाकडे काय शिजलं तेही कळायचं. आता तिथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे आणि वाट पाहणं थोडक्यात आटोपतं. आईच्या सांगण्यात त्याबद्दल तक्रार नव्हती. “पण थांबायची सवय गेली बघ माणसांची,” एवढंच म्हणाली.

मधे दार असलेला तरंगता पूल आपल्या देशातही होता, हे तिला मी तेव्हाच सांगितलं. कलकत्त्याचा आजचा हावडा पूल १९४३चा. त्याच्याआधी हुगळीवर ब्रॅडफर्ड लेस्लीने बांधलेला तराफ्यांचा पूल होता, १८७४ साली सुरू झालेला. लांबी १,५२८ फूट, आणि जहाजांसाठी त्याचा २०० फुटांचा भाग बाजूला काढता येत असे. म्हणजे सुमारे सत्तर वर्षं बैलगाड्या, घोडागाड्या, पुढे मोटारी, डोक्यावर ओझी घेतलेले हमाल हे सगळे हुगळीच्या काठावर जहाजासाठी थांबत आले. एवढ्या मोठ्या शहराने आपल्या रोजच्या घाईत नदीची वेळ सामावून घेतली होती. नवा पूल उंच झाला, जहाजं खालून जाऊ लागली, वाट पाहणं संपलं. सोय झाली हे खरंच. पण पुलावरचा माणूस आणि जहाजावरचा माणूस एकमेकांकडे बघत उभे राहायचे, ते क्षण त्या सोयीत गेले.

तरंगत्या पुलाचं आयुष्य मात्र कायम पाण्याच्या आणि वाऱ्याच्या हाती असतं. १३ फेब्रुवारी १९७९च्या पहाटे हूड कनालवर वादळ आलं. झोतांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास गेला असावा असा अंदाज आहे. वाऱ्याचा दाब कमी व्हावा म्हणून मधलं दार उघडून ठेवलं होतं, वाहतूक बंद होती, पुलावरचे कर्मचारीही उतरून आले होते. तराफ्यांच्या वरच्या झाकणांतून पाणी आत शिरलं आणि सकाळी पश्चिमेकडचा अर्धा पूल बुडाला. जीवितहानी झाली नाही. पूर्वेकडचा अर्धा पाण्यावर राहिला, कुठेही न पोहोचणारा. त्यानंतर पूल होण्याआधीची जुनी फेरीबोट परत आली आणि लोक पुन्हा धक्क्यावर थांबू लागले. नवा पश्चिम भाग होऊन रस्ता सुरू व्हायला १९८२चा ऑक्टोबर उजाडला. जोराचा वारा सुटला की आजही वाहतूक थांबवतात आणि मधलं दार उघडतात. एवढं अवजड काम वाऱ्यासमोर छाती काढून उभं राहत नाही, त्याला जायला जागा देतं.

पूर्वेकडचा जुना अर्धा भाग बदलायचं ठरलं तेव्हाची हकिकत मला या पुलाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. नवे तराफे घडवायला समुद्रकाठी मोठी कोरडी गोदी हवी होती. पोर्ट अँजेलिस या गावात जागा निवडली आणि २००३ साली खोदकाम सुरू झालं. ऑगस्टमधे मातीतून मानवी हाडं निघाली. क्लालम लोकांचं च्विटसन हे गाव तिथे होतं, सुमारे २,७०० वर्षांपूर्वीपासूनच्या वस्तीच्या खुणा असलेलं. घरांचे अवशेष, हाडांची आणि दगडाची हजारो हत्यारं, आणि ३००हून अधिक अखंड सांगाडे. काही एकमेकांना बिलगलेले. त्या भूमीवर कारखाने येऊन गेले होते, पण खाली गाव शाबूत होतं.

लोअर एल्व्हा क्लालम जमातीची माणसं रोज त्या खड्ड्याशी उभी राहत होती. ज्यांची हाडं निघत होती ते त्यांचे पूर्वज होते. सुरुवातीला त्यांनी सरकारशी मिळून मार्ग काढायचा प्रयत्न केला. सांगाडे निघतच राहिले तेव्हा त्यांनी काम थांबवायला सांगितलं आणि २००४च्या डिसेंबरमधे राज्य सरकारने ते थांबवलं. कोट्यवधी डॉलर खर्च झाले होते. तराफे मग टकोमाला घडले आणि पुलाचा पूर्व भाग २००९ साली बदलला गेला. पूर्वजांना त्यांच्या माणसांनी त्याच भूमीत पुन्हा विसावा दिला. पुलावरून जाताना मला त्या गावाची आठवण होते. हा रस्ता काही वर्षं उशिरा झाला, कारण कुणीतरी मेलेल्यांसाठी वाट मागितली आणि ती मिळाली.

पण एक प्रवासी असा आहे की त्याला तासभर आधी फोन करता येत नाही. स्टीलहेड हा मासा नद्यांत जन्मतो, वीतभर वाढला की खाडीतून समुद्राकडे निघतो आणि मोठा होऊन जन्माच्या नदीत परत येतो. पिल्लं पाण्याच्या अगदी वरच्या थरातून पोहतात. तराफे पाण्याखाली बारा-पंधरा फूट उतरलेले आहेत आणि खाडीच्या रुंदीचा बहुतेक भाग त्यांनी व्यापला आहे. पिल्लांच्या समोर अचानक भिंत येते. खाली बुडी मारून पलीकडे जावं हे त्यांना सुचत नाही. ती भिंतीच्या कडेकडेने येरझारा घालतात, कोपऱ्यांत घुटमळतात, आणि सील तिथे टपलेले असतात. पुलापर्यंत पोहोचलेल्या पिल्लांपैकी निम्म्यापर्यंत पिल्लं पलीकडे जिवंत पोहोचत नाहीत, असं मागोवा घेणाऱ्या संशोधकांना आढळलं आहे. या भागातला हा मासा २००७पासून धोक्यात आलेला म्हणून सरकारी यादीत आहे.

दोन बाजूंचं वेगळं पाणी पाहून मला जो आनंद झाला होता, त्याच्या खाली हे चाललेलं होतं. उत्तरेकडची ती शांतता त्या भिंतीने घडवलेली आहे. आता अडकणाऱ्या कोपऱ्यांची रचना बदलून माशांना वाट काढून देता येईल का, यावर तिथे काम चाललं आहे. पाणबुडीसाठी ६०० फूट मोकळे करणाऱ्या माणसाला वीतभर माशासाठी काही इंच मोकळे करणं जमेल, असा मला भरवसा आहे. पण ते आधी कुणाच्या तरी डोळ्यांना दिसावं लागतं. शिडाची नौका सगळ्यांना दिसते. पाण्याखालची येरझार बघायला कुणीतरी पिल्लांच्या अंगात बारीक यंत्रं बसवून ऋतूच्या ऋतू त्यांच्या मागावर राहिलं, तेव्हा ती दिसली.

या पुलावरून जाताना माझ्या मनात आता हाच विचार असतो. पूल दोन काठ जोडतो, हे आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो. जोडताना तो कुणाला तरी आडवाही जातो, हे लिहायचं राहून गेलं. पाणी ही वाटच आहे, लांबीच्या दिशेने जाणाऱ्यांची. आपण रुंदीच्या दिशेने जाणारे नंतर आलो. लांबी, वजन, खर्च यांवरून पुलाचं मोठेपण मोजतात, ते मोजावंच. माझ्यापुरतं मोजमाप वेगळं आहे. पूल कुणासाठी उघडतो आणि कुणासाठी उघडत नाही, यावरून तो बांधणारा समाज मला कळतो. हूड कनालच्या पुलाने वादळाला वाट दिली, नौकेला दिली, पूर्वजांना दिली. माशाला अजून द्यायची आहे. तो सुंदर आहे, आणि त्याचं काम अपुरं आहे.

आई परत गेली. फोनवर ती खाडीच्या बातम्या सांगते. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी रस्त्यासाठी कोकणातल्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हावेत. आजारी माणसाला वेळेत दवाखान्यात नेता यावं, पोरांचे कॉलेजचे तास बुडू नयेत, यासाठी ते हवेतच. फक्त खाडीकाठच्या माणसांना माझं एक सांगणं आहे. नकाशा गावात येईल तेव्हा तो नीट उघडून बघा. उधाणाच्या भरतीला तुमच्या होडीची डोलकाठी त्याच्याखालून जाते का, मासा कुठून वर चढतो, कोलंबीची पिल्लं कुठे वाढतात, काठावर कुणाचं स्मशान आहे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना बैठकीला पुढे बसवा. खांब उभे राहण्याआधी हे विचारलं तर त्याला फार खर्च येत नाही.